शॉक ॲब्सॉर्बर मऊ हवा की कडक? एका जुन्या प्रश्नाचा इतिहास

नोव्हेंबर 2024मध्ये महिंद्रा कंपनीने सादर केलेल्या विद्युत मोटारींत अर्ध-सक्रिय शॉक ॲब्सॉर्बरची सोय आहे. रस्त्याच्या स्थितीनुसार ते धावत्या गाडीतच आपला कडकपणा बदलतात. तंत्र नवे असले, तरी त्यामागचा प्रश्न शंभराहून अधिक वर्षांचा आहे.

प्रथम नावामुळे होणारा गैरसमज दूर करू. खड्ड्याचा धक्का झेलते ती स्प्रिंग किंवा पाटा. मात्र झेललेली ऊर्जा स्प्रिंग परत करते आणि गाडी वरखाली हेलकावत राहते. हे दोलन आवरून त्यातील ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर करणे हे शॉक ॲब्सॉर्बरचे खरे काम. या क्रियेला अवमंदन म्हणतात.

विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समधील त्रुफो यांची घर्षणावर आधारित रचना अमेरिकेत एडवर्ड हार्टफर्ड यांनी प्रचारात आणली. दोन भुजांच्या सांध्यात चकत्या एकमेकींवर घासत. मधला नट आवळला की रोध वाढे. म्हणजे ‘सेटिंग’ निवडण्याची सोय या यंत्राला जवळजवळ जन्मापासूनच आहे. पण स्थिर घर्षण हे गतिज घर्षणापेक्षा अधिक असते. त्यामुळे बारीक खडबडीवर चकत्या अडकून बसत आणि मोठ्या धक्क्याच्या वेळी रोध अपुरा पडे.

यावर उपाय सापडला तो तेलात. दट्ट्या तेलाला अरुंद वाटांतून ढकलतो. दट्ट्याची गती वाढली की रोधही वाढतो. 1930च्या दशकात पॅकार्ड आणि रोल्स-रॉइस यांच्या महागड्या मोटारींत हा रोध चालकाला बसल्या जागेवरून बदलता येऊ लागला. दुसऱ्या महायुद्धानंतर नेदरलँड्समधील कोनी कंपनीचे समायोज्य शॉक ॲब्सॉर्बर प्रसिद्धीस आले. त्यांच्या मूळ प्रकारात बदलता येई तो प्रसरणाचा रोध, म्हणजे दबलेली स्प्रिंग पुन्हा ताणली जातानाचा रोध. यामागे विचार होता. आकुंचनाचा रोध फार वाढवला, तर उंचवट्याचा धक्का थेट गाडीच्या सांगाड्याला बसतो. प्रसरणाचा रोध मात्र स्प्रिंगने परत केलेली ऊर्जा आवरतो.

मग योग्य सेटिंग कोणते? अडचण अशी, की एकाच यंत्राला दोन दोलने सांभाळावी लागतात. गाडीचा सांगाडा सेकंदाला साधारण एक ते दीड वेळा हेलकावतो, तर चाक दहा ते पंधरा वेळा. हेलकावा पूर्ण थांबवण्यास लागणाऱ्या क्रांतिक अवमंदनाच्या सुमारे 0.2 ते 0.4 पट अवमंदन नेहमीच्या मोटारींत ठेवतात. शर्यतीच्या मोटारींत ते 0.6 ते 0.7 पटीपर्यंत नेतात. गुळगुळीत ट्रॅकवर ब्रेक लावताना किंवा वळताना भार एका बाजूला सरकतो. कडक अवमंदनामुळे गाडी त्या स्थितीत लवकर स्थिरावते.

हेच सेटिंग खडबडीत रस्त्यावर घातक ठरू शकते. उंचवट्यावरून वर गेलेले चाक कडक प्रसरण-रोधामुळे वेळेत खाली येत नाही. उंचवटे लागोपाठ आले, तर स्प्रिंग दबलेलीच राहते. टायरवरील भार अस्थिर होतो, पकड घटते आणि ब्रेक लावल्यावर गाडी थांबण्यास अधिक अंतर लागते. ‘जितके कडक, तितके सुरक्षित’ हा तरुण चालकांमधील समज म्हणूनच चुकीचा आहे.

1974मध्ये डीन कार्नोप आणि सहकाऱ्यांनी या पेचातून वाट दाखवली. शॉक ॲब्सॉर्बर चाकाला न जोडता आकाशात टांगला आहे अशी कल्पना केली, तर सांगाडा स्थिर राहील आणि चाक मोकळेपणे हलेल. प्रत्यक्षात असे टांगणे अशक्य. पण क्षणोक्षणी रोध बदलून तसा परिणाम बऱ्याच अंशी साधता येतो. हाच अर्ध-सक्रिय रचनेचा पाया. फॉर्म्युला वन शर्यतींत विल्यम्स संघाने 1992मध्ये त्याही पुढची, संगणकाने चालणारी सक्रिय रचना वापरून विजेतेपद मिळवले. 1994पासून अशा रचनांवर बंदी आली. 2002मध्ये कॅडिलॅक मोटारीत चुंबकीय क्षेत्रात घट्ट होणारे द्रव वापरणारे शॉक ॲब्सॉर्बर आले. असे द्रव जेकब राबिनोव यांनी 1940च्या दशकाच्या अखेरीसच शोधले होते.

भारतात गेब्रियल इंडिया ही शॉक ॲब्सॉर्बर बनवणारी कंपनी 1961मध्ये मुंबईत सुरू झाली. शर्यती मात्र दीर्घकाळ चेन्नईजवळच्या शोळावरम येथील जुन्या विमानपट्टीवर होत. 1990मध्ये इरुंगट्टुकोट्टई येथील ट्रॅक आणि 2011मध्ये ग्रेटर नोएडाचे बुद्ध सर्किट आले. आज अनेक हौशी चालक गतिरोधकांनी भरलेल्या रस्त्यावरून ज्या गाडीने ट्रॅकवर जातात, त्याच गाडीने घरी परततात. त्यांच्यासाठी या इतिहासाचा सारांश व्यावहारिक आहे. मऊ बाजूने आरंभ करावा. एका वेळी एकच बदल करावा. एका आसाच्या दोन्ही चाकांना समान सेटिंग द्यावे. प्रत्येक बदल लिहून ठेवावा. आणि ट्रॅकच्या फाटकाबाहेर पडण्यापूर्वी सेटिंग पुन्हा रस्त्याचे करावे.