भाड्याच्या स्कीची पारख

बर्फाच्या उतारावरून पायांस लांब पट्ट्या बांधून घसरत जाण्याच्या खेळास स्कीइंग म्हणतात, हें आतां सुशिक्षित घरांतून सांगावयास नको. काश्मीरांतील गुलमर्ग येथें १९२७ सालीं ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांनीं स्की क्लब ऑफ इंडिया स्थापन केला आणि या खेळास आपल्या देशांतही घर मिळालें. डोंगरपायथ्याच्या दुकानांत स्की भाड्यानें मिळतात. नवशिक्यास दुकानदार देईल ती जोडी चालते. खरी पंचाईत होते ती मुरलेल्या खेळाडूची. त्याला पुष्कळ कळत असतें. परंतु जें कळतें तें कोणत्या काळचें, हा प्रश्न तो स्वतःस क्वचितच विचारतो. त्याचें उत्तर स्कीच्या इतिहासांत आहे.

स्की हें मूळचें क्रीडासाधन नव्हे. तें हिमप्रदेशांतील माणसाचें वाहन होय. उत्तर स्वीडनमधील काल्व्हट्रेस्क येथें सांपडलेली स्की सुमारें पांच हजार वर्षांपूर्वीची ठरली आहे. स्कँडिनेव्हियाच्या कांहीं भागांत तर दोन पायांच्या स्की सारख्या नसत. एक लांब, घसरण्यासाठीं. दुसरी आंखूड, तळाशीं केसाळ कातडें लावलेली, रेटा देण्यासाठीं. तेथील शिकारी आधीं बर्फ पाही, मग काम पाही, आणि त्यानंतर लांकूड तासावयास घेई. निवडीचें मूळ सूत्र हेंच होय.

या वाहनाचा खेळ झाला तो एकोणिसाव्या शतकांत. नॉर्वेच्या टेलेमार्क प्रांतांतील मॉर्गेडाल गांवचा सोंद्रे नॉरहाइम (१८२५–१८९७) हा गरीब कुळांतील मनुष्य. त्यानें झाडाच्या लवचिक काड्या पिळून टाचेभोंवतीं बंधन घातलें आणि कमरेशीं किंचित् निमुळत्या अशा स्की वापरल्या. १८६८ सालीं क्रिस्तियानिया, म्हणजे आजच्या ऑस्लो, येथील स्पर्धेंत त्यानें राजधानीच्या लोकांस थक्क केलें. कमर निमुळती कां? स्की कडेवर कलवून दाबली म्हणजे ती धनुष्यासारखी वांकते, आणि तिची कड बर्फावर आपोआप वळण कापते. पुढें नान्सेननें १८८८ सालीं स्कीवरून ग्रीनलंड ओलांडलें आणि या साधनाची कीर्ति युरोपभर पसरली. आल्प्सचे उतार उभे. तेथें नॉर्वेची लांबलचक स्की अवघड पडूं लागली, तेव्हां ऑस्ट्रियांतील मॅथियास झ्डार्स्की यानें ती आंखूड केली व बंधन पोलादाचें केलें. १९२६ सालीं साल्झबर्गच्या रुडॉल्फ लेटनर यानें कडांना पोलादी पट्ट्या बसविण्याचें पेटंट घेतलें, आणि कठीण बर्फावरही स्कीची पकड बसली.

तरीही एक जुना दंडक टिकला : हात वर करावा आणि स्कीचें टोंक मनगटापर्यंत यावें. लांकडी स्की वेगांत डळमळे, म्हणून स्थैर्यासाठीं ही लांबी लागत असे. १९५० मध्यें हॉवर्ड हेड यानें अॅल्युमिनियमची स्की बाजारांत आणली. पण लांब स्की म्हणजे कसलेला गडी, हा समज गेला नाहीं. तो मोडला १९९३ च्या सुमारास, जेव्हां स्लोव्हेनियांतील एलान कारखान्यानें खोल कमरेची स्की काढली. जें वळण घेण्यास पूर्वीं वर्षें खर्चीं पडत, तें आंखूड स्कीवर सहज साधूं लागलें. आज हनुवटी ते कपाळ एवढी लांबी बहुतेकांस पुरते. तींतही उंचीपेक्षां वजन आणि वेग यांचा विचार अधिक करावा लागतो.

म्हणून जाणत्यानें दुकानांत स्कीवर छापलेले आंकडे आधीं वाचावे. कमरेची रुंदी मिलिमीटरांत असते : दाबलेल्या कठीण उतारास ऐंशीच्या आंतबाहेरची बरी, गुलमर्गसारख्या खोल भुसभुशीत बर्फास शंभर किंवा अधिक. वळणाची त्रिज्या मीटरांत असते. ती लहान तर वळण आंखूड. कडेवरून नख आडवें फिरवावें. नखाची साल निघाली नाहीं तर कड बोथट समजावी. बूट मात्र शक्यतों स्वतःचे न्यावे, आणि त्यांचा तळ त्या बंधनास जुळतो कीं नाहीं, हें विचारून घ्यावें.

परंतु सर्वांत मोठी गोष्ट बंधनाची. जुनें बंधन पडतांना सुटत नसे आणि पाय मोडे. नॉर्वेंत जन्मलेला व अमेरिकेंत ऑरेगनमध्यें स्थायिक झालेला ह्याल्मार ह्वाम याचा पाय १९३७ सालीं मोडला, आणि त्यांतूनच त्यास बुटाचें टोंक सोडून देणाऱ्या बंधनाची युक्ति सुचली. आज बंधन किती जोरावर सुटावें याचा आंकडा वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि खेळण्याची तऱ्हा यांवरून काढतात. पन्नाशी गांठलेल्यास तो एक पायरी खालीं आणतात. येथेंच जाणत्याची कसोटी लागते. वजन कमी सांगितलें तर भर वेगांत स्की अकाली सुटते. आपली तऱ्हा फुगवून सांगितली तर सुटावयाच्या वेळीं सुटत नाहीं, आणि गुडघा किंवा नडगी त्याची भरपाई करते. दुकानदार खेळाडूचा भूतकाळ जाणत नाहीं. खेळाडू लिहून देईल तेंच तो खरें मानतो. सबब वीस वर्षांपूर्वींचें वजन आणि वीस वर्षांपूर्वींचा वेग त्या कागदावर लिहूं नये. आजचें वय, आजचें वजन आणि आजचा बर्फ हेंच तेथें लिहावें, आणि बर्फ बदलला तर दुसऱ्या दिवशीं जोडीही बदलून मागावी. भाड्याच्या स्कीचा खरा लाभ तोच आहे.