जोते उंचावणे, पूरक्षेत्रातील (खानदेश)

पुराचे पाणी घरात शिरू नये म्हणून घराचे जोते पूरपातळीच्या वर नेणे. नव्या घराला भर आणि दगडी बांधकाम वाढवले की काम भागते. उभे घर उचलायचे तर भिंतींच्या तळाशी लोखंडी चॅनेल घालून त्याखाली जॅक लावतात, सगळे जॅक एकसारखे फिरवतात आणि मोकळ्या झालेल्या जागेत नवे बांधकाम भरतात. अमेरिकेतील गॅल्व्हेस्टन शहराने १९०० च्या वादळानंतर सुमारे दोन हजार इमारती अशा उचलल्या. भारतात ही कामे बहुधा हरियाणाकडचे कारागीर करतात.

खानदेशात पूर दोन जातींचा. तापी सावकाश चढते. तिच्यावरील हतनूर धरणाचे ४१ दरवाजे उघडण्याआधी काठच्या गावांना इशारा देता येतो. तापी तुडुंब असली की उपनद्यांचे पाणी मुखाशी तुंबून मागे पसरते. अशा साचत्या पाण्यापुढे उंच जोते टिकते. पांझरा, तितूर, डोंगरी या नद्यांचा लोंढा मात्र घराशी येऊन थांबत नाही, पायाखालची माती उकरून नेतो. सप्टेंबर १८७२ मध्ये पांझरेने धुळ्यातील सुमारे ५०० घरे वाहून नेली. ऑगस्ट २०२१ अखेरीस तितूर-डोंगरीचे पाणी चाळीसगावच्या बाजारपेठेत घुसले.

जुन्या धाब्याच्या (मातीच्या सपाट छताच्या) घरांचे दुखणे आणखी निराळे. ओटा उंच असला तरी मातीची भिंत बुडाशी ओल धरते, बसते आणि मातीने जड झालेले धाबे खाली येते. असे घर जॅकवर पेलत नाही. ते नव्यानेच बांधावे लागते. तेव्हाही भर मुरमाची हवी. शेतातली काळी माती फुकट मिळते म्हणून टाकली, तर ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि जोते तडकते. रस्त्यावर दर खेपेला जुना थर न काढता नवे काँक्रीट ओततात, त्याने चांगले जोतेही बुटके होते; हा पूर माणसाने घरात आणलेला.

राज्याच्या २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार निळी पूररेषा (साधारण २५ वर्षांतून एकदा येणारा पूर) आणि लाल पूररेषा (१०० वर्षांतून एकदा) यांमधील बांधकाम लाल रेषेच्या पातळीहून ०.४५ मीटर उंच असावे लागते. निळ्या रेषेच्या आत, नदीला खेटून असलेल्या वस्तीला जोते वाढवून संरक्षण मिळत नाही. तिला दुसरी जागा देणे हाच उपाय.