पूर्वप्राथमिक शिक्षण, भारतातील

पूर्वप्राथमिक शिक्षण : इयत्ता पहिलीपूर्वी, साधारणतः ३ ते ६ वर्षे वयाच्या मुलांना खेळ, गाणी, गोष्टी व हस्तकृतींतून दिले जाणारे शिक्षण. महाराष्ट्रात ते गरिबांच्या दारी नेण्याचे श्रेय प्रामुख्याने ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांना जाते. बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्यासोबत भावनगर येथे काम केल्यानंतर त्यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. पुढे हे कार्य कोसबाड येथे गेले. आदिवासी मुले शाळेपर्यंत येत नाहीत, हे पाहून ताराबाई व त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी पाड्यावरच, मुलांच्या अंगणात वर्ग भरवले. स्थानिक वस्तूंपासून त्यांनी शैक्षणिक साधने बनवली.

शासकीय पातळीवर २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. तिच्या अंगणवाड्यांतून पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी व पूर्वप्राथमिक शिक्षण मिळते. ८६ व्या घटनादुरुस्तीने (२००२) सहा वर्षांखालील मुलांचे संगोपन व शिक्षण राज्याच्या मार्गदर्शक तत्त्वांत आले. शिक्षणाचा मूलभूत हक्क मात्र ६ ते १४ वयोगटापुरताच राहिला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने ३ ते ८ वर्षे हा पायाभूत टप्पा मानला.

आहार, नोंदी व सर्वेक्षणे सांभाळणाऱ्या अंगणवाडी सेविकेला शिकवण्यासाठी वेळ, प्रशिक्षण व पुरेसे मानधन मिळणे निकडीचे आहे. त्याशिवाय लहान मुलांचे शिक्षण कागदावरच राहील.