विजेचा वास : धूर शुद्ध करणाऱ्या थंड प्लाझ्माचा इतिहास 🧵

१/ इ.स. १७८५, हार्लेम, नेदरलँड्स. मार्टिनस व्हान मारम आपल्या प्रचंड घर्षणविद्युत यंत्रातून ठिणग्या पाडत असता हवेला उग्र वास येऊ लागला. त्याने तो विजेचाच वास मानला. तो एका निराळ्या पदार्थाचा आहे, हे उमगण्यास अर्धे शतक लागले.

२/ १८४० मध्ये बाझेल येथील क्रिस्तियान शोनबाइन याने तो पदार्थ ओळखला. वास येणे या अर्थाच्या ग्रीक धातूवरून त्याने नाव दिले : ओझोन.

३/ १८५७ मध्ये वेर्नर फॉन सीमेन्सने काचेच्या एका नळीत दुसरी नळी बसवली आणि मधल्या फटीतून हवा सोडली. काचेच्या अडसरामुळे एकच मोठी ठिणगी भडकत नाही. विसर्ग असंख्य क्षणभंगुर धाग्यांत विखुरतो.

४/ परिणाम विलक्षण. हलके इलेक्ट्रॉन हजारो अंश तापमानाइतकी ऊर्जा मिळवतात, जड रेणू मात्र जवळजवळ थंडच राहतात. अशा विद्युतभारित वायूला ‘प्लाझ्मा’ हे नाव १९२८ मध्ये अर्व्हिंग लँगम्यूरने दिले.

५/ प्रारंभी या तंत्राचा मोठा उपयोग पाण्यासाठी झाला. फ्रान्समधील नीस शहरात १९०६ पासून पिण्याचे पाणी ओझोनने शुद्ध होऊ लागले. धुराचा प्रश्न मात्र तसाच राहिला. डिसेंबर १९५२ च्या लंडनमधील विषारी धुक्याने हजारो बळी घेतले.

६/ १९८० च्या दशकात टोकियोत सेनिची मासुदा यांनी धुरावर अत्यल्प काळाचे उच्चदाब विद्युतस्पंद सोडले. स्पंद इतका आखूड, की जड आयनांना हलण्यास अवधीच मिळत नाही. ऊर्जा इलेक्ट्रॉनांना मिळते. त्यांच्या आघाताने पाण्याचे व ऑक्सिजनचे रेणू फुटतात, आणि ते तुकडे गंधकाच्या व नायट्रोजनच्या ऑक्साइडांचे आम्लांत रूपांतर करतात. त्यात अमोनिया मिसळला, की खतास उपयोगी क्षार हाती येतात.

७/ मग प्रत्येक धुराड्यावर हे यंत्र का नाही? एक कारण विजेचा खर्च. दुसरे अधिक बोचरे. लॉस एंजेलिसच्या धुरक्यातील मुख्य घातक घटक ओझोनच आहे, हे आरी हागेन-स्मिट यांनी १९५० च्या दशकारंभी दाखवले होते. विसर्गावर नियंत्रण नसेल, तर शुद्धीकरणाचे यंत्रच ओझोन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे ओकते. म्हणूनच प्लाझ्माला उत्प्रेरकाची जोड देण्याचे प्रयत्न झाले.

८/ तात्पर्य : ‘प्लाझ्मा’ची जाहिरात करणारे हवाशुद्धीकरण यंत्र दिसले, तर आत काय नष्ट होते एवढेच विचारू नये, बाहेर काय पडते, हेही विचारावे. व्हान मारमच्या दालनातील तो वास अद्याप विरलेला नाही.