जंबोची कुळकथा

‘जंबो’ हा शब्द हत्तीवरून आला, एवढे सगळ्यांना ठाऊक असते. हत्ती खराच होता. १८६५ मध्ये तो पॅरिसहून लंडनच्या प्राणिसंग्रहालयात आला, १८८२ मध्ये अमेरिकी सर्कसवाल्या बार्नमने विकत घेतला आणि १८८५ मध्ये कॅनडात आगगाडीच्या धडकेने मेला.

शब्द मात्र हत्तीहून जुना. १८२३ च्या इंग्रजी बोलीकोशात ‘जंबो’ म्हणजे बोजड, बेढब माणूस. मग हत्तीला ते नाव कुठून मिळाले? स्वाहिलीतल्या ‘जुंबे’ म्हणजे मुखियाकडे बोट दाखवणारे एक मत आहे. कोशातली ती नोंद हत्तीच्या आधीची, म्हणून ते टिकत नाही. काँगो भाषेत ‘न्झांबा’ म्हणजे हत्तीच; हा दावा मोहात पाडणारा, पण कोशातला जंबो माणूस आहे, जनावर नव्हे. उरतो पश्चिम आफ्रिकेतला ‘मंबो जंबो’, मुखवटा घालून गावकऱ्यांना धाकात ठेवणारे सोंग. माणसाचा आकार आणि बागुलबुवाचा दरारा दोन्ही त्यात आहेत. पारडे त्याच्याच बाजूला झुकते.

मराठीत हत्ती आलाच नाही, आले विमान. एअर इंडियाचे पहिले बोइंग ७४७ १९७१ मध्ये दाखल झाले आणि ‘जंबो जेट’ रूढ झाले. ‘जंगी’, ‘अवाढव्य’, ‘अजस्र’ घरात असताना पाहुणा टिकला, कारण त्यात किंचित टवाळी आहे. ‘जंगी सभा’ कौतुकाची, ‘जंबो मंत्रिमंडळ’ टोमण्याचे. ९१ व्या घटनादुरुस्तीने २००३ मध्ये मंत्र्यांची संख्या सभागृहाच्या १५ टक्क्यांवर आणली; २८८ आमदारांच्या महाराष्ट्रात ४३ जण बसतात. टोमणा तरीही चालूच आहे.

‘जंबो’च्या आधीही इंग्रजीतली मापाची विशेषणे मराठी गावांत रुजवली ती बहुधा रेल्वेनेच. १८९७ मध्ये सुरू झालेली ‘बार्शी लाइट रेल्वे’ अडीच फुटी रुळांवर धावे. तिचा अभियंता एव्हरार्ड कॅलथ्रॉपने प्रत्येक आसावरचा भार पाच टनांपुरता ठेवला होता, म्हणून ती ‘लाइट’. पुढे नॅरोगेज, ब्रॉडगेज हे शब्दही बार्शी-कुर्डुवाडीकडे रोजच्या बोलण्यातले झाले. मुंबईत आज रुळांच्या दुरुस्तीसाठी मध्य रेल्वेचा ‘मेगाब्लॉक’ असतो, तर पश्चिम रेल्वेचा ‘जंबो ब्लॉक’. ग्रीक ‘मेगा’ विज्ञानात काटेकोर दहा लाखांचे माप आहे. रविवारी रुळांवर दोन्हींचा अर्थ एकच, गाड्या उशिरा किंवा रद्द.