गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरसमोर माइक कोणता, कुठे?

इलेक्ट्रिक गिटारच्या तारांचा स्वतःचा आवाज क्षीण असतो. श्रोत्यांच्या कानी पडतो तो अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर यांनी घडवलेला नाद. त्यामुळे ध्वनिमुद्रणात स्पीकरसमोरच्या माइकची निवड आणि जागा निर्णायक ठरते. चुकीच्या जागेवरून टिपलेला आवाज नंतर संगणकावर पुरता सुधारता येत नाही.

शहरातील सदनिकेत अ‍ॅम्प्लिफायर मोठ्याने वाजवणे अवघड. म्हणून मुंबई-नाशिक मार्गावरील, सुमारे ६०० मीटर उंचीवरच्या इगतपुरीसारख्या ठिकाणी घर घेऊन ध्वनिमुद्रण करण्याचा विचार अनेकांना मोहवू शकतो. मात्र तेथील पाऊस, रेल्वे आणि शांतता यांचे भान ठेवावे लागते.

माइकचे तीन प्रकार

डायनॅमिक माइक दणकट असतो आणि मोठा आवाज सहज पेलतो. १९६५ मध्ये बाजारात आलेला शुअर एसएम ५७ या कामासाठी जगभर वापरला जातो. पाच-सहा हजार हर्ट्झच्या आसपास त्याची संवेदनशीलता वाढते, त्यामुळे गिटार इतर वाद्यांतून उठून दिसते. सेनहायझर एमडी ४२१ हा याच जातीचा आणखी एक पर्याय.

कंडेन्सर माइक बारकावे टिपतो. त्याला सामान्यतः ४८ व्होल्टचा फँटम वीजपुरवठा लागतो. खोलीचा गुंजारव हवा असेल तर तो थोडा दूर ठेवून वापरतात. रिबन माइकमध्ये अतिशय पातळ धातूची पट्टी असते. त्याचा नाद मऊ असतो आणि कर्कश अ‍ॅम्प्लिफायरला तो मानवतो. पण पट्टी नाजूक असल्याने वाऱ्याचा झोत आणि सदोष केबल यांपासून त्याला जपावे लागते. पहिला आणि एकच माइक घ्यायचा असेल, तर डायनॅमिक घेणेच शहाणपणाचे.

जागा कशी ठरवावी?

स्पीकरच्या मध्यावरील घुमटीसमोर आवाज धारदार येतो. कडेकडे सरकावे तसा तो गडद, भरीव होतो. घुमटी आणि शंकू जिथे जुळतात तिथून, जाळीपासून २ ते ५ सेंटिमीटरवर आरंभ करावा. जाळीमागचा स्पीकर दिसत नसल्यास विजेरीच्या उजेडात पाहून घ्यावे. माइक फार जवळ नेला की खर्ज फुगतो. ३० सेंटिमीटर मागे नेला की तो ओसरतो आणि खोलीचा आवाज मिसळू लागतो. एक-दोन सेंटिमीटरनेही फरक पडतो. माइक हलवताना वादन थांबवावे. चालू स्पीकरसमोर कान नेणे श्रवणशक्तीला घातक आहे.

दोन माइक वापरताना

ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. दोन माइकच्या अंतरात ३४ सेंटिमीटरचा फरक असेल, तर एक आवाज जवळजवळ एक मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. दोन्ही एकत्र केल्यावर ५००, १५०० हर्ट्झ अशा काही स्वरांची परस्पर वजाबाकी होते आणि गिटार पोकळ वाटते. यावर उपाय म्हणजे दोन्ही माइकची तोंडे स्पीकरपासून समान अंतरावर ठेवणे. एकाची ध्रुवता उलटवून ऐकावे आणि जिथे आवाज भरीव वाटेल ती स्थिती कायम करावी.

इगतपुरीत घ्यायची काळजी

इगतपुरीत मुसळधार पाऊस पडतो. ओलसर हवेत कंडेन्सर माइक चरचरू लागतो. तो सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवावा. पत्र्याच्या छपराखाली स्पीकरजवळचा डायनॅमिक माइकच तग धरतो.

कसारा-इगतपुरी घाटात ३७ फुटांस एक फूट असा चढ असून गाड्यांना जादा इंजिने जोडली जातात. रुळांजवळच्या घरात जमिनीतून घरघर येऊ शकते. माइकच्या स्टँडखाली जाड घडी केलेली चादर घालावी आणि ८० हर्ट्झखालचा आवाज गाळून टाकावा. सहा तारांच्या गिटारचा नेहमीचा सर्वांत खालचा स्वर सुमारे ८२ हर्ट्झचा असल्याने नुकसान फारसे होत नाही. सिंगल कॉइल पिकअपच्या गिटारला विजेच्या ५० हर्ट्झची गुणगुण बाधते. वादकाने बसण्याची दिशा बदलून पाहावी.

इगतपुरीत १९७६ पासून धम्मगिरी हे विपश्यना केंद्र आहे आणि तेथील साधक मौन पाळतात. निवासी भागात ध्वनिमर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. अ‍ॅम्प्लिफायर आतल्या खोलीत ठेवावा, खिडक्यांना गाद्या लावाव्यात आणि कमी वॅटचे यंत्र निवडावे. माइक जवळ असल्याने लहान अ‍ॅम्प्लिफायरही ध्वनिमुद्रणात मोठा वाटू शकतो.