नाश्त्याचे टेबल, चिमुकल्या मोटारी आणि दीड कोटी डॉलर

१९९१ साली निन्टेंडोच्या एनईएस या यंत्रासाठी ‘मायक्रो मशीन्स’ नावाचा शर्यतीचा खेळ आला. त्यात डांबरी धावपट्टी शोधूनही सापडत नाही. मोटारी धावतात त्या नाश्त्याच्या टेबलावर, सांडलेले दूध चुकवत. बिलियर्ड्सच्या हिरव्या कापडावर फॉर्म्युला वन गाड्या, न्हाणीघरातल्या टबात वेगवान बोटी, आणि अभ्यासाच्या मेजावर लाकडी पट्टीचा पूल! वळण चुकले की गाडी थेट मेजावरून खाली. लहान मूल जमिनीवरच्या खेळण्याकडे पाहते, तसा हा सगळा पसारा वरून दिसतो.

दोघे खेळू लागले की खरी गंमत सुरू होते. पडद्याचे दोन भाग होत नाहीत. दोघांना एकच दृश्य. मागे पडून जो दृश्याबाहेर जाईल त्याचा गुण गेला, आणि त्याच जागेवरून दोघे पुन्हा बरोबरीने निघणार. पुढे असलेल्याची मोटार पडद्याच्या कडेशी पोहोचते, त्यामुळे त्याला समोरचा रस्ता जेमतेम दिसतो. आघाडी हाच धोका ठरतो. इतक्या साध्या नियमातून एवढी चुरस क्वचितच कुणी निर्माण केली असेल.

मूळ ‘मायक्रो मशीन्स’ म्हणजे अमेरिकेतील गॅलूब कंपनीची बोटाच्या पेराएवढी वाहने. खेळ रचला तो इंग्लंडच्या कोडमास्टर्सने. डेव्हिड आणि रिचर्ड डार्लिंग या भावांनी १९८६ मध्ये, विशीच्या उंबरठ्यावर, ही कंपनी काढली होती. त्यांच्याकडे गॅलूबचा परवाना होता, निन्टेंडोचा मात्र नव्हता. अनधिकृत कार्ट्रिज रोखण्यासाठी एनईएसमध्ये एक पहारेकरी चिप असे. कोडमास्टर्सने तिला विजेचा झटका देऊन गोंधळात टाकण्याची युक्ती काढली आणि खेळ बाजारात उतरवला.

याच दोन कंपन्यांचा निन्टेंडोशी आणखी एक झगडा त्या वेळी न्यायालयात चालू होता. कोडमास्टर्सने घडवलेले ‘गेम जिनी’ हे उपकरण अमेरिकेत गॅलूब विकणार होती. यंत्र आणि कार्ट्रिज यांच्यामध्ये ते बसवले की खेळाचे नियम तात्पुरते बदलता येत. जीव संपतच नसत. निन्टेंडोने १९९० मध्ये दावा लावून विक्रीला मनाई मिळवली. मनाई चुकीची ठरली तर भरपाई करता यावी म्हणून तिला दीड कोटी डॉलरचे तारण द्यावे लागले. १९९१ मध्ये न्यायाधीश फर्न स्मिथ यांनी निकाल गॅलूबच्या बाजूने दिला: रास्त किंमत मोजून घेतलेला खेळ घरात आपल्या आनंदासाठी वेगळ्या रीतीने खेळणे हा प्रताधिकाराचा भंग नव्हे. १९९२ मध्ये वरच्या न्यायालयाने तो कायम केला आणि पुढे तारणाची पूर्ण रक्कम गॅलूबला मिळाली.

वस्तू घेतल्यावर तिच्याशी कसे खेळायचे हे कुणी ठरवायचे, एवढाच वाद होता. पट्टीचा पूल करणाऱ्या मुलांनी तो कधीच निकालात काढला होता.

१९९४ च्या दुसऱ्या भागात सेगाच्या मेगा ड्राइव्हसाठी कोडमास्टर्सने कार्ट्रिजवरच कंट्रोलर जोडण्याच्या आणखी दोन खाचा दिल्या. यंत्राच्या दोन आणि या दोन, अशा चार. तेवढ्यावरही भागेना, म्हणून एकच कंट्रोलर दोघांनी धरायची सोय केली. चार कंट्रोलर, आठ खेळाडू.